पवनेचा काठ की राजमाचीची वाडी? एका रात्रीच्या मुक्कामाचा हिशेब

डिसेंबर लागला की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘एक रात्र बाहेर’ची चर्चा सुरू होते. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींची ही चर्चा फिरून फिरून दोनच ठिकाणी येते: पवना धरणाच्या काठचे तयार तंबू, नाहीतर राजमाचीला उधेवाडीत कोणाच्या तरी घरी मुक्काम. दोन्हीकडे काय मिळतं, फोटो कसे येतात, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यात मी शिरत नाही. आपण रात्रभर मजा करून परतलो की मागे काय उरतं आणि आपण दिलेले पैसे कोणाच्या हातात पडतात, एवढ्याच अंगाने दोन्ही जागा शेजारी-शेजारी ठेवून बघू. मी दोन्हीकडे राहिलोय. माझा कल एका बाजूला आहे आणि तो तुम्हाला कळेलच.

पवनेचं आधी, कारण बहुतेकांचं पहिलं बुकिंग तिथलंच असतं.

पवनेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. गाडी अगदी तंबूपाशी जाते. बरोबर आई-वडील असतील, गुडघे कुरकुरत असतील, पोरं लहान असतील, तर हा मुद्दा छोटा नाही. समोर तुंग, पाठीशी तिकोना, लोहगड-विसापूरही हाकेच्या अंतरावर. शिवाय ‘शहरातल्या पैसेवाल्यांनी काठ बळकावला’ असं जे सरसकट बोललं जातं, ते माझ्या माहितीप्रमाणे अर्धंच खरं आहे. तिथले बरेच तंबूवाले मावळातलेच आहेत. काहींच्या घरच्या जमिनी याच धरणाखाली गेल्या आणि पुनर्वसनाचं घोंगडं अजून भिजत पडलंय. अशा माणसाने उरलेल्या तुकड्यावर दहा तंबू ठोकले तर त्याला नावं ठेवायला निदान माझी जीभ रेटत नाही.

माझी तर अजिबातच नाही, कारण मी राहतो पिंपरी-चिंचवडमध्ये. ते धरण आम्हाला पाणी पाजतं. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचललं जातं, निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि आमच्या नळाला येतं. नोव्हेंबर २०१९ पासून तेही दिवसाआड. हेच पाणी थेट धरणातून बंद नळाने आणायची योजना निघाली, तेव्हा मावळातले शेतकरी विरोधात उभे राहिले. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले तिघे गेले. म्हणजे ज्यांची जमीन आमच्या पाण्यासाठी गेली, त्यांच्याच काठावर आम्ही शनिवारी बार्बेक्यू लावायला जातो. हे एकदा डोक्यात बसलं की तिथल्या बारीकसारीक गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात.

त्यातली एक गोष्ट मात्र बारीकसारीक नव्हती, आणि माझं पारडं फिरलं ते तिच्यामुळेच.

रविवारची सकाळ होती. चहाला वेळ होता म्हणून मी तंबूंच्या मागच्या बाजूने काठाकडे निघालो. पत्र्याच्या संडास-बाथरूमची रांग होती, सात-आठ दारं. मागून एक निळा पाइप बाहेर आला होता आणि गवतातल्या चरात सोडून दिला होता. चरात राखाडी फेस. शाम्पूचा वास इतका ताजा, की आत कोण आंघोळ करतंय तेही सांगता आलं असतं. चर उताराने पाण्याकडे गेला होता, मध्ये एका खड्ड्यात थोडा थांबून. संडासाची टाकी वेगळी होती, पण झाकणाच्या कडेने ओल आलेली. तिथे बादल्या भरणाऱ्या पोराला विचारलं, ‘हे पाणी कुठे जातं रे?’ तो म्हणाला, ‘मुरतं सर ते.’ पोराची काही चूक नाही, त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने मला सांगितलं.

पण मुरून जाणार कुठे? तिथे वीतभर मुरुमाखाली कातळ लागतो. त्याहून मोठी भानगड वेगळीच आहे. उन्हाळ्यात धरण खाली जातं, काठ उघडा पडतो, आणि तंबू अगदी पाण्याला चिकटून हवेत म्हणून ते त्या उघड्या पडलेल्या पट्ट्यापर्यंत सरकतात. फोटो तिथूनच छान येतो ना! शोषखड्डाही मग तिथेच खणला जातो. पावसाळ्यात धरण भरतं आणि पाणी पुन्हा वर चढतं. मार्चमध्ये काठावर खणलेला खड्डा ऑगस्टमध्ये धरणाच्या पोटात असतो, आत जे काही साठलंय त्याच्यासकट. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही, एकाच जागी मार्चात आणि ऑगस्टात उभं राहिलं की पुरे.

मी असं म्हणत नाही की त्यामुळे कोणी आजारी पडतं. तुरटी आहे, क्लोरीन आहे, एवढ्या मोठ्या धरणात दोन-चार टाक्या म्हणजे दर्या में खसखस, असंही कोणी म्हणेल. सगळेच तंबूवाले असे नाहीत हेही मान्य. वर, पूररेषेच्या बाहेर, पक्की टाकी बांधून ती नियमित उपसून घेणारेही आहेत. पण त्या सकाळी मी ज्या पाण्याकडे बघत होतो ते चार दिवसांनी माझ्याच पिंपात येणार होतं, आणि ‘मुरतं सर’ हे उत्तर काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.

आता राजमाची.

लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर चालत, नाहीतर जीपने हाडं खिळखिळी करून घेत. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून चढलात तर घाम निघतो. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीत उधेवाडी आहे. घरी सांगून गेलं की जेवण आणि ओटीवर पथारी, किंवा आपला तंबू असेल तर अंगणात ठोकायला जागा. माझी आवडती सोय ही शेवटचीच. तंबू स्वतःचा, पण अंगण, चूल आणि मोरी घरातल्यांची.

त्या मोरीपाशी थोडं थांबतो, कारण तुलना खरी तिथे आहे. मी ज्या घरी उतरतो तिथल्या मावशी भांडी राखेने घासतात. मोरीचं पाणी घरामागे जातं, तिथे अळूचा वाफा आणि चार केळी. वाफ्याच्या तोंडाशी त्यांनी एक चपटा दगड आडवा लावलाय. भाताची शितं, भाजीचे देठ त्याच्यावर अडकतात, कोंबड्या येऊन ते वेचून नेतात आणि खाली नुसतं पाणी झिरपतं. पर्यावरण वगैरे शब्द मनात आणून त्यांनी हे केलेलं नाही. पाणी वर वाहून आणावं लागतं, म्हणून ते दोनदा वापरायचं, इतकाच त्यामागचा विचार. दुपारी जेवताना पानात अळूचं फदफदं आलं की सकाळच्या आंघोळीचा हिशेब पूर्ण होतो. अर्थात आंघोळीला आपण आपला सुगंधी साबण घेऊन बसलो, तर त्या अळूचंही काही खरं नाही.

तरी वाडीचं सगळं गोडच आहे अशातला भाग नाही. पुढचं नीट वाचा.

कचऱ्यात वाडी सपशेल मागे आहे. पवनेला निदान एखादी पिकअप येते आणि पोती भरून कुठेतरी नेते. ‘कुठेतरी’ म्हणजे कुठे, हे मी विचारलेलं नाही. वाडीवर घंटागाडी येत नाही. तुम्ही टाकलेली चिप्सची पाकिटं, बिसलेरीच्या बाटल्या, ओले टिश्यू संध्याकाळी घरामागे पेटवले जातात आणि तो धूर मावशींच्या नातवंडांच्या नाकात जातो. ओले टिश्यू म्हणजे कागद असा अनेकांचा समज असतो. बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात. थर्माकोलच्या ताटल्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण कागदी कपाच्या आतला थरही प्लॅस्टिकचाच, तोही कुजत नाही. म्हणून वाडीवर जायचं तर नियम एकच: जे वर नेलं ते सगळं खाली आणायचं. सॅनिटरी पॅडसुद्धा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत. हे जमणार नसेल तर सरळ पवनेला जा. वाडीचं त्यात भलंच होईल.

दुसरी गोष्ट, माणसांची. तयार तंबूत तुम्ही गिऱ्हाईक असता आणि समोरचा नोकरीवर असतो. वाडीत तुम्ही कोणाच्या तरी घरात शिरलेले असता. तुमच्यासाठी घरातली माणसं आत आखडून झोपतात. दहा जणांच्या भाकऱ्या म्हणजे मावशी आणि त्यांच्या सुनेचे रात्रीचे दोन तास चुलीपुढे, आणि पहाटे पोह्यांसाठी पुन्हा. त्यावर ‘मावशी, माणशी दोनशे जरा जास्त होतात’ म्हणून घासाघीस करणारे लोक मी बघितलेत, अंगात पाच हजारांचं जॅकेट. दारू पिऊन अंगणात मोठमोठ्याने गाणी म्हणणारेही बघितलेत. तयार तंबूत हे सगळं पैशांत खपून जातं, इथे ते कोणाच्या तरी लेकीबाळींसमोर होतं. ग्रुपमध्ये तसं कोणी असेल तर वाडीचा आग्रह मी धरणार नाही.

पैशांचा हिशेब मात्र वाडीच्या बाजूने झुकतो, असं मला वाटतं. पवनेला माणशी हजार-दीड हजार जातात. त्यातून बुकिंग करून देणाऱ्याचं कमिशन, जागेचं भाडं, केटररचे पैसे निघाले, की बादल्या भरणाऱ्या पोराला काय उरतं याचा अंदाज तुम्हीच बांधा. जागेचा मालक स्वतः तंबू चालवत असेल तर चित्र बरं असतं, पण बुकिंगच्या पानावरून ते कळत नाही. वाडीत तुम्ही नोट देता ती ज्या हाताने भाकरी थापली त्याच हातात. निदान त्या घरी तरी. मधे कोणी नाही.

बार्बेक्यूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. सिगडीतला कोळसा आभाळातून पडत नाही. रायगडच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पार कर्नाटकापर्यंत. पोरांची शाळा सुटते, उचल फिटता फिटत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे पुन्हा. वेठबिगारीच्या तक्रारी या भट्ट्यांवरून वर्षानुवर्षं येत आल्यात. तुमच्या पनीर टिक्क्याखालचा कोळसा तिथलाच असेल असं मी म्हणत नाही. पण तो कुठला, हे तंबूवाल्यालाही माहीत नसतं. वाडीवर चुलीत लाकूड जळतं, धूरही भरपूर होतो, त्या धुराने मावशींच्या डोळ्यांचं काय होतं हा वेगळाच विषय. तरी ते लाकूड बहुतेक पडलेल्या फांद्यांचं असतं आणि ती चूल तुम्ही गेला नसतात तरी पेटलीच असती. खास शेकोटी हवी म्हणून हट्ट धरू नका म्हणजे झालं. नोव्हेंबरनंतर आपल्या डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, ठिणगी उडायचा अवकाश. एकदा वणवा लागला की कारवीची रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे, साप, कोणाचीच गय नाही.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायचा नाही, असा नियम २००० सालापासून देशभर आहे. पवनेला शनिवारी तो किती पाळला जातो, हे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे. तीन कॅम्पची तीन गाणी पाण्यावरून एकात एक मिसळून येतात. वाडीवर रात्री कुत्री भुंकतात आणि साडेचारला कोंबडा. झोप दोन्हीकडे मोडते.

यावर कोणी म्हणेल, ही दोन्ही झंझट कशाला, आपला तंबू पाठीवर घ्यावा आणि हरिश्चंद्रगडाला कोकणकड्यावर जाऊन झोपावं. ना कोणाचं घर, ना कोणाचा व्यवसाय. मलाही हे एकेकाळी सगळ्यात निर्मळ वाटायचं. पण थंडीतल्या शनिवारी कड्यावर तंबूंची वसाहतच असते, आणि ते अभयारण्य आहे हे कोणाच्या गावीही नसतं. ‘मागे काही ठेवू नका’ शिकवणारे लोक सांगतात की पाण्यापासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्यात विधी उरकावा आणि माती लोटावी. सल्ला चांगलाच आहे, पण तो माती असलेल्या देशासाठी. कड्यावर कातळ आहे, खणणार काय? मग दगड ठेवला जातो, दगडाखाली टिश्यू, आणि दुसऱ्या दिवशी तोच दगड दुसरा कोणीतरी उचलतो. खाली पाचनईत एखाद्या घरी झोपून पहाटे बॅटरी घेऊन गड चढणं मला जास्त बरं वाटतं. सूर्योदय कड्यावर तसाही दिसत नाही, तो कडा पश्चिमेला तोंड करून आहे.

तंबूच्या कापडाबद्दल थोडंसं. स्वस्तातला पॉलिएस्टरचा तंबू उन्हात सतत उभा राहिला की एक-दोन हंगामांत पिठासारखा होतो, आणि त्या कापडाचं पुढे काही होत नाही. काठावरचे तंबू ऑक्टोबर ते मे उन्हातच असतात. आपला स्वतःचा तंबू रात्री ठोकून सकाळी गुंडाळला तर कितीतरी वर्षं टिकतो. माझा शिवून, चिकटवून अजून चालू आहे. नवीन घ्यायच्या आधी कोणाकडून तरी मागून बघा. बहुतेक घरांत एक तंबू माळ्यावर पडलेला असतो.

आणि प्रवास. खरं सांगायचं तर या सगळ्या चर्चेत धुराचा सर्वात मोठा वाटा त्याचाच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चिंचवडहून पवनेला कारने जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर धरले तर सहा लिटर, म्हणजे चौदा किलोच्या आसपास. गाडीत चौघे असतील तर ठीक, एकटा-दुकटा असेल तर कागदी कप मोजत बसण्यात अर्थ नाही. राजमाचीला लोणावळ्यापर्यंत लोकल आहे आणि पुढे पाय आहेत. पवनेलाही लोकलने कामशेतला उतरून पुढे जाता येतं, पण तंबूचं बुकिंग करणारा माणूस असा जाताना मी तरी पाहिला नाही.

हंगामाबद्दल. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, काजव्यांच्या दिवसांत, राजमाचीचं नाव काढू नका. भंडारदऱ्यालाही तेच. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद, आणि तिच्यावर शेकडो गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या पडल्या की ती साद पोहोचतच नाही. त्या आठवड्यांत वाडीच्या पाण्यावरही ताण असतो. पाऊस पडलेला नसतो, टाकी तळाला गेलेली असते आणि वर शंभर पाहुणे. मला वाडी आवडते ती नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, तीही शनिवार सोडून. रजा मिळत असेल तर मंगळवारी जा.

एवढं सगळं वाचूनही ग्रुपचा कौल पवनेला गेला, तर हरकत नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मीही कदाचित तिकडेच नेईन. फक्त बुकिंगच्या फोनवर मेनूच्या आधी दोन गोष्टी विचारा: संडासाची टाकी भरलेल्या धरणाच्या रेषेच्या वर आहे की खाली, आणि ती उपसायला गाडी कधी येते. जो माणूस लगेच ‘वर आहे, दर पंधरा दिवसांनी येते’ म्हणतो त्याच्याकडे जा, पाण्यापासून शंभर पावलं लांब असला तरी. जो ‘ते तुम्ही टेन्शन घेऊ नका सर’ म्हणतो त्याला नको. आणि पाण्यात उतरू नका. पवनेत दरवर्षी माणसं बुडतात, पोहता येणारीसुद्धा.

वाडीवर जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून किती डोकी आणि किती शाकाहारी ते सांगा, म्हणजे पीठ जास्त मळलं जात नाही. रेंज एका कोपऱ्यातच येते, तेव्हा उचलला नाही तर पुन्हा करा. साबण घरी ठेवा. एक मोठी रिकामी पिशवी बरोबर घ्या, आणि परतताना लोणावळा स्टेशनवर पहिला डबा दिसेल त्यात ती रिकामी करू नका. तो डबा दुपारीच भरून वाहत असतो. पिशवी घरापर्यंत आणा, सुका कचरा घंटागाडीत जातो.